मोठ्या बाइकची दुसरी टायरजोडी

नव्या मोटरसायकलवरचे टायर आपण निवडत नाही. कंपनीने जे बसवून दिले ते आपले. निवडीची वेळ येते आठ-दहा हजार किलोमीटरनंतर, मागचा टायर मधोमध सपाट दिसायला लागला की. शंभर-दीडशे सीसीच्या गाडीला हा प्रश्न कधी पडला नाही. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे जायचं, तोच नंबर मागायचा आणि चहा होईपर्यंत गाडी तयार. पण २०१३ मध्ये केटीएम ३९० ड्यूक आली, २०१८ च्या अखेरीस रॉयल एन्फील्डच्या ६५० सीसीच्या दोन गाड्या आल्या, २०२३ मध्ये ट्रायम्फ स्पीड ४०० आली. यातल्या केटीएम आणि ट्रायम्फ तर आपल्या चाकणला बांधल्या जातात. त्यांच्या वरच्या पायरीवर हायाबुसा, निंजा, डुकाटी. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर रविवारी सकाळी उभं राहिलं तर या सगळ्या दिसतात. या गाड्यांच्या मालकांना कोपऱ्यावरचा टायरवाला काही सांगू शकत नाही, आणि मित्र सांगतात ते बहुतेक वेळा स्वतः बसवलेल्या टायरचं कौतुक असतं.

माझं मत आधीच मांडतो. टायर निवडताना गाडीचा टॉप स्पीड बाजूला ठेवावा आणि आपल्या वर्षातला सगळ्यात कठीण तास डोळ्यांपुढे आणावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात चालवणाऱ्या बहुतेकांसाठी तो तास जुलैतल्या घाटाचा असतो: धुकं, वळणावर एसटीच्या किंवा ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल, दरडीवरून वाहून आलेली लाल माती, आणि नीट न तापलेले टायर. त्या तासाला जो टायर उतरतो तो बाकीच्या वर्षाला पुरून उरतो.

याचं कारण साध्या गणितात आहे. दोनशे किलोची गाडी आणि जॅकेट-हेल्मेटसकट ८५ किलोचा चालक धरला, तर मागच्या चाकावर अंदाजे १४३ किलो भार येतो. टायरमध्ये ४२ पीएसआय हवा असेल तर भाराला दाबाने भागून रस्त्याला टेकलेला भाग निघतो जेमतेम ५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सात बाय सात सेंटिमीटरचा चौकोन. टायरची बाजूची भिंतही थोडा भार उचलते, त्यामुळे आकडा ढोबळ आहे, पण अंदाज यायला पुरेसा. इंजिन शंभर हॉर्सपॉवरचं असो की दोनशेचं, ती सगळी ताकद आणि ब्रेकचा सगळा जोर एवढ्याशा रबरातून रस्त्यावर उतरतो. ब्रेक मारताना भार पुढे सरकतो, तेव्हा पुढच्या चाकाच्या तसल्याच इवल्याशा रबरावर आपला जीव असतो.

टायरच्या अंगावर काय लिहिलंय ते वाचता आलं की दुकानातली अर्धी फसवणूक टळते. मोठ्या गाडीच्या मागच्या टायरवर १८०/५५ झेडआर १७ आणि पुढे कंसात ७३ डब्ल्यू असं काहीसं असतं. टायरची रुंदी १८० मिलिमीटर, भिंतीची उंची त्याच्या ५५ टक्के म्हणजे ९९ मिलिमीटर, रिम १७ इंची, बांधणी रेडियल. ७३ हा भाराचा निर्देशांक आहे, त्याचा अर्थ ३६५ किलो. पुढच्या १२०/७० टायरवर तो बहुधा ५८ असतो, म्हणजे २३६ किलो. शेवटचं अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०, आणि कंसातला डब्ल्यू त्याच्याही वर. आपल्याकडे कोणी ताशी २४० ने रोज जात नाही, मग वेगाचं अक्षर कमी चालेल का? भाराच्या बाबतीत उत्तर सरळ नाही असंच आहे, कारण दोन माणसं, पेट्या आणि खड्डे हे आपल्याकडे खरे आहेत. वेगाच्या बाबतीतही गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय त्याच्या खाली उतरू नये. वेगाचं अक्षर हे टायर किती उष्णता सोसेल याचंही माप आहे, आणि मे महिन्यात विदर्भातलं डांबर साठ अंशांच्या आसपास तापतं.

आता आकार वाढवण्याचा मोह. मागून गाडी भारदस्त दिसावी म्हणून ३९० ड्यूकच्या १५०/६० च्या जागी १६०/६० घालणारे पुष्कळ आहेत, आणि ६५० च्या १३०/७० च्या जागी १४०/७० घालणारेही. पहिल्या बदलात भिंत ९० वरून ९६ मिलिमीटर होते, दुसऱ्यात ९१ वरून ९८. गाडीचं ढुंगण सहा-सात मिलिमीटर वर येतं, गिअरिंग थोडं लांबतं आणि रिम तीच राहिल्याने रुंद टायरच्या कडा आत ओढल्या जाऊन त्याचा माथा जास्त गोल होतो. गाडी वाकवताना ज्या आकाराचा विचार करून अभियंत्याने टायर आखला होता तो आकार मिळतच नाही. टेकणारा भाग मोठा होईल ही समजूतही वरच्या गणितात टिकत नाही. भार आणि हवा तीच असेल तर क्षेत्रफळ जवळपास तेच राहतं, फक्त लांबट ऐवजी आडवं होतं. पुस्तकात दिलेला आकारच घ्यावा. या मुद्द्यावर मी वाद घालायला तयार आहे, पण मत बदलायला नाही.

रेडियल आणि बायस यांचा फरक समजावून घेण्यासारखा आहे. बायस टायरमध्ये नायलॉनच्या दोऱ्यांचे थर एकमेकांना तिरपे छेदत जातात. भिंत दणकट होते, खड्डे सोसते, पण धावताना थर एकमेकांवर घासून तापतात आणि वेग वाढला की टायर मध्यभागी फुगतो. रेडियलमध्ये दोऱ्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडव्या जातात आणि वरून पट्टा असतो. हल्ली मोठ्या गाड्यांत हा पट्टा बहुतेक वेळा पोलादी तारेचा, चाकाच्या फिरण्याच्या दिशेनेच गुंडाळलेला असतो. टायर कमी तापतो, कमी फुगतो, वळणात रस्त्याला सारखा टेकून राहतो. ज्या गाडीला कंपनीने दोन्हीकडे रेडियल दिलेत तिला स्वस्त पडतो म्हणून बायस घालणं म्हणजे मोजलेल्या फ्रेमवर आणि सस्पेन्शनवर पाणी ओतणं आहे. एका चाकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा हा प्रकारही उत्पादकाने सांगितल्याशिवाय करू नये. उत्पादकाने सांगितल्याचं उदाहरण मात्र आपल्या डोळ्यांसमोर आहे: रॉयल एन्फील्डच्या इंटरसेप्टर आणि काँटिनेंटल जीटी ६५० सुरुवातीला पिरेली फँटम स्पोर्ट्सकॉम्पवर आल्या तेव्हा पुढे १००/९०-१८ आणि मागे १३०/७० आर १८ होता, म्हणजे मागे रेडियल. ती जोडी एकमेकांसाठी आखलेली होती.

या ६५० गाड्यांचा प्रश्न थोडा सविस्तर बघण्यासारखा आहे, कारण आपल्याकडे मोठी म्हणावी अशी पहिली गाडी बहुतेकांनी हीच घेतली. पिरेलीनंतर कंपनीने सिएटचे झूम क्रूझ दिले, आणि २०२३ मध्ये मिश्रधातूच्या चाकांवरच्या आवृत्त्या आल्या तेव्हा व्रेडेस्टाइन सेंटॉरो. व्रेडेस्टाइन हा मूळचा डच ब्रँड, २००९ पासून आपल्या अपोलोच्या मालकीचा. तारेच्या स्पोकच्या चाकांमध्ये ट्यूब असते हे मात्र टायर बदलताना विसरलं जातं. टायरच्या भिंतीवर ट्यूबलेस लिहिलेलं असलं तरी स्पोकच्या रिममधून हवा निसटते, म्हणून ट्यूब लागतेच, आणि खिळा घुसला की ट्यूब एकदम बसते. टायर नवा घ्यायचा तर ट्यूबही नवी घ्यावी. जुन्या ट्यूबला पडलेल्या घड्या नव्या टायरमध्ये घासून फाटतात. ६५० वाल्यांना माझा सल्ला असा: शहरात आणि महामार्गावर एकट्याने चालवत असाल तर झूम क्रूझ पुरतो आणि टिकतो. दर पावसाळ्यात आंबोली-चोर्ल्याची वारी ठरलेली असेल तर पैसे थोडे जास्त घालून फँटम स्पोर्ट्सकॉम्प किंवा, चाकं ट्यूबलेस असतील तर, सेंटॉरो घ्यावा.

आता रबराकडे येऊ, कारण खरी किंमत आपण तिथेच मोजतो. टायरच्या रबरात कार्बन ब्लॅक घातलं की झीज कमी होते. सिलिका घातली की रबर थंड आणि ओल्या रस्त्यावरही लवचीक राहतं, बारीक खडबडीत दगडाला चिकटतं. मोठ्या गाड्यांच्या टायरमध्ये मध्यभागी टणक आणि कडांना मऊ असं दोन-तीन प्रकारचं रबर एकाच टायरमध्ये असतं: सरळ रस्त्यावर टिकावं, वळणात पकडावं. या मिश्रणाच्या प्रमाणावरच बाजारातले वर्ग ठरतात.

सगळ्यात वर ट्रॅकसाठीचे टायर. डुकाटी पानिगाले व्ही४ ज्या डिआब्लो सुपरकोर्सावर येते तो याच जातीचा, नक्षी नावापुरती, आणि काम करायला आधी तापावा लागतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर ट्रॅक डे करणाऱ्याला त्याची मजा आहे. पावसाळी ताम्हिणीत तो तापतच नाही. त्याच्या खाली रस्त्यासाठीचे हायपरस्पोर्ट टायर: पिरेली डिआब्लो रोसो ४, ब्रिजस्टोन बॅटलॅक्स एस२२, जो हायाबुसावर येतो. हे उन्हात अप्रतिम, पावसातही बरे, पण मागचा टायर पाच-सात हजार किलोमीटरमध्ये संपवणारे. मग येतो स्पोर्ट टुरिंगचा वर्ग: मिशलिन रोड ६, पिरेली एंजल जीटी २, मेत्झेलर रोडटेक, डनलॉप रोडस्मार्ट, ब्रिजस्टोन टी३२, काँटिनेंटल रोडअटॅक. यांत सिलिका भरपूर, नक्षी खोल आणि पाणी बाहेर काढणारी, थंडीतही लवकर पकड देणारं रबर, आणि मागचा टायर जपून चालवला तर दहा-बारा हजार किलोमीटरच्या पुढे जातो.

आपल्या रस्त्यांवर दहापैकी नऊ मोठ्या गाड्यांना हाच वर्ग योग्य आहे. हायपरस्पोर्ट घेणाऱ्यांचा युक्तिवाद असतो की पकड जास्त म्हणजे सुरक्षितता जास्त. कोरड्या, गरम, स्वच्छ रस्त्यावर गुडघा टेकवणाऱ्याला ते खरं आहे. पण आपण साताऱ्यापुढे जो वेग आणि जो कल वापरतो त्यात स्पोर्ट टुरिंगच्या पकडीचा शेवट कधी गाठत नाही. शेवट गाठला जातो तो मुंबईच्या उड्डाणपुलावरच्या ओल्या लोखंडी जोडपट्टीवर, चौकातल्या पेव्हर ब्लॉकवर, झेब्रा क्रॉसिंगच्या रंगावर. तिथे थंड असतानाही मऊ राहणारं रबर लागतं.

या वर्गातल्या नावांमध्ये फरक आहेत. रोड ६ मध्ये नक्षीच्या बारीक चिरा आत रुंद होत जातात, त्यामुळे टायर अर्धा झिजल्यावरही पाणी वाहून नेण्याची ताकद बरीच शिल्लक राहते, आणि ज्याचा मुख्य प्रश्न पाऊस आहे त्याला मी तोच सुचवीन. एंजल जीटी २ वळताना हलका आणि खेळकर वाटतो, पुढचं टोक काय करतंय ते हातात कळतं. मेत्झेलर १९८६ पासून पिरेलीचीच आहे, त्यामुळे या दोघांमध्ये घराण्यांची लढाई लावण्यात अर्थ नाही. अवजड टुरिंग गाड्यांसाठी यातल्या काही टायरची जाड बांधणीची वेगळी आवृत्ती येते. ती हलक्या गाडीला घातली तर गाडी लाकडासारखी ताठ चालते. ऑर्डर देताना पूर्ण नाव वाचावं. पण एका वर्गातल्या दोन नावांतला फरक हा दोन वर्गांतल्या फरकापेक्षा बराच लहान असतो, आणि ताज्या आणि शिळ्या टायरमधला फरक या दोन्हींपेक्षा मोठा असू शकतो.

शिळ्या टायरचा प्रश्न आपल्याकडे मुद्दाम लक्ष द्यावा असा आहे. १२ जून २०२० रोजी परकीय व्यापार महासंचालनालयाने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून निर्बंधित यादीत टाकली, मोटरसायकलचे टायरही त्यात आले. आयातीला परवाना लागू लागला. एखादं मॉडेल महिनोन् महिने न मिळणं आणि मग अचानक एखाद्या दुकानात एकच जोडी सापडणं मोठ्या गाडीवाल्यांना आता नवं नाही. अशी जोडी सापडली की आनंदात तारीख बघायची राहून जाते. भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. रबर वापरलं नाही तरी कडक होत जातं. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी काढावा, असं अनेक उत्पादक सांगतात. ज्या रबराचं मोल त्याच्या मऊपणात आहे ते मी दोन वर्षांहून जुनं असेल तर पूर्ण किमतीला घेणार नाही. हजार सीसीच्या गाडीच्या जोडीला तीस-चाळीस हजार मोजताना तारखेचा फोटो आधी मागवण्यात संकोच कसला? बाहेरून कोणी सामानात आणून दिलेल्या टायरवर आयएसआयची खूण आहे का तेही बघावं. दुचाकीच्या टायरसाठी आयएस १५६२७ हे मानक आहे.

आयातीच्या या अडचणीचा एक चांगला परिणाम मला दिसतो. देशी कंपन्यांनी पोलादी पट्ट्याचे रेडियल मनावर घेतले. एमआरएफचे स्टील ब्रेस, अपोलोचा अल्फा एच१, सिएटचे स्पोर्टरॅड आणि क्रॉसरॅड, टीव्हीएस युरोग्रिपचे रोडहाउंड ही नावं आता गंभीरपणे घ्यावीत अशी आहेत. सिएटचा दुचाकी टायरचा कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे, आणि एमआरएफचा एक जुना कारखाना गोव्यात फोंड्याजवळ. ३००-४०० सीसीच्या गाड्यांना या देशी रेडियलनी परदेशी नावांची गरज जवळजवळ संपवली आहे. ताजा माल, निम्म्याच्या आसपास किंमत, आणि सांगलीतही मिळतात. दोनशे हॉर्सपॉवरच्या गाडीला मात्र मी अजून थांबेन, आणखी दोन पावसाळे त्यांचं काम बघेन.

साहसी म्हणवल्या जाणाऱ्या उंच गाड्यांचं थोडक्यात. लडाखला जायचं ठरलं की हिमालयन किंवा व्ही-स्ट्रॉमला बटन टायर चढवण्याची पद्धत पडली आहे. लडाखचे मुख्य रस्ते आज बहुतांशी डांबरी आहेत, आणि तिथपर्यंत जाण्या-येण्याचा रस्ता तर नक्कीच. बटन टायरचे सुटे गुट्टे ओल्या डांबरावर ब्रेक मारताना वाकतात आणि थांबायचं अंतर वाढवतात. नव्वद टक्के डांबर आणि दहा टक्के कच्चा रस्ता यासाठी बनवलेले टायरच अशा गाड्यांना बरे. कोकणातल्या जांभ्याच्या चिखलात मनापासून शिरणाऱ्यानेच बटन घ्यावेत.

टायर कोणताही घ्या, हवा चुकली की निवड वाया जाते. बहुतेक जपानी स्पोर्ट गाड्यांना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआय सांगितलेले असतात, हायाबुसाला दोन्हीकडे ४२. पेट्रोल पंपावर मुलगा सवयीने पुढे २५ आणि मागे ३० भरतो. नासाने १९६० च्या दशकात विमानाच्या टायरवर केलेल्या कामातून दिसलं की टायर पाण्यावर तरंगायला लागण्याचा वेग हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. मोटरसायकलचा टायर गोल असल्याने त्याला हा धोका कमी, पण दिशा तीच: ४२ च्या जागी २८ पीएसआय असेल तर तो वेग सुमारे १८ टक्क्यांनी खाली येतो. शिवाय कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजावी, कारण दर दहा अंशांना दाब दोनेक पीएसआयने वाढतो. गरम टायरमध्ये आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडली की दुसऱ्या दिवशी टायर उपाशी असतो. स्वतःचा छोटा गेज दोन-चारशे रुपयांना मिळतो, तो डिकीत नाही तर जॅकेटच्या खिशात ठेवावा.

कधी बदलायचा? दुचाकीच्या टायरवर झीज दाखवणारी पट्टी ०.८ मिलिमीटरवर असते आणि नियमही तिथेच थांबतो. पावसाळ्याच्या तोंडावर दोन मिलिमीटरच्या खाली नक्षी गेली असेल तर मी वाट बघणार नाही. काँक्रीटचे रस्ते मध्यभाग लवकर खातात, टायर चौकोनी होतो आणि गाडी वाकवताना कडेवरून एकदम पडल्यासारखी वाटते. हे लक्षण नक्षी शिल्लक असतानाही येतं, आणि ते आलं की मागच्याबरोबर पुढचाही तपासावा. मागच्या दोन टायरमागे पुढचा एक असा हिशेब बहुतेकांचा चालतो. दोन्ही एकाच नावाचे असलेले चांगले, कारण त्यांचे माथे एकमेकांना जुळवून कोरलेले असतात. पंक्चर सपाट भागात, खिळ्याएवढं असेल तर आतून लावलेला मशरूम प्लग चालतो. बाहेरून खुपसलेली दोरी घरी पोहोचण्यापुरती. भिंतीला छेद गेला तर टायर संपला. नवा टायर बसवल्यावर बाण फिरण्याच्या दिशेला आहे ना आणि चाक बॅलन्स केलंय ना ते उभं राहून बघावं, आणि पहिले दीडशे किलोमीटर वाकवणं, ब्रेक, थ्रॉटल सगळं हळूहळू वाढवत न्यावं, कारण वरचा थर गुळगुळीत असतो.

एक गोष्ट आपल्याकडे खरोखर नाही, आणि तिची उणीव मला दर वेळी जाणवते. जर्मनीत मोटोराड हे मासिक वर्षानुवर्षं एका वर्गाचे टायर एकाच गाडीवर चढवून तुलना करतं: कोरड्या ट्रॅकवर, पाणी सोडलेल्या ट्रॅकवर, नवे असताना आणि हजारो किलोमीटर झिजवल्यावर पुन्हा. आपण त्यांचेच निकाल वाचतो, पण ते त्यांच्या हवामानातले आहेत. युरोपमध्ये मोटारींच्या टायरवर ओल्या पकडीची श्रेणी छापावी लागते, मोटरसायकलच्या टायरला तीही सक्ती नाही. इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सची मोठी चाचणी धावपट्टी आहे, चाकणमध्ये गाड्या बांधल्या जातात, बुटीबोरीत टायर. एखाद्या भारतीय मासिकाने किंवा एआरएआयसारख्या पुण्यातल्या संस्थेने सहा टायर घ्यावेत. ३५ अंशांच्या हवेत ओल्या, गुळगुळीत झालेल्या काँक्रीटवर ताशी ८० वरून थांबायचं अंतर मोजावं. सहा हजार किलोमीटर आपल्याच रस्त्यांवर, निम्मे मागे माणूस बसवून, चालवून तेच पुन्हा मोजावं. आकडे टायरच्या तारखेसकट छापावेत. तोवर विकत घेणाऱ्याच्या हाती उरतात ते भिंतीवरचे आकडे, स्वतःचा गेज आणि ज्यांनी तोच टायर दोन पावसाळे चालवलाय अशा माणसांचे शब्द.